किल्लीमावशींनी सूचना लिहिली त्याची गोष्ट

किल्लीमावशी आमच्या इमारतीच्या केअरटेकर. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की त्या येताहेत हे त्या यायच्या आधीच कळायचं. लपाछपीत मुलांनी त्यांना कधी घेतलं नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी दहावीला बसायचं मनावर घेतलं आणि दुपारच्या शाळेत नाव घातलं. गणिताची धास्ती नव्हती; मीटर वाचून वाचून आकडे अंगवळणी पडले होते. धास्ती होती साहित्याच्या तासाची. कारण गोष्टसुद्धा मावशी मीटरसारखीच वाचत: शेवटी काय झालं ते बघायचं आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "गोष्टीतल्या म्हाताऱ्याने दार का उघडलं नाही?"

"बिजागरीला तेल नसेल घातलं," मावशी म्हणाल्या.

बाई वयाने त्यांच्या मुलीहून लहान, पण खमक्या. "मावशी, दार सोडा. म्हाताऱ्याकडे बघा. त्याला काय हवंय?"

हा प्रश्न मावशींच्या डोक्यात शिरला आणि भाडं न देता तिथेच राहू लागला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार आली, 'दाराची घंटी वाजत नाही.' पूर्वीच्या मावशी बॅटरी बदलून मोकळ्या झाल्या असत्या. आताच्या मावशींनी ती ओळ दोनदा वाचली, वर जाऊन घंटी दाबली. ती खणखणीत वाजली. आजोबांनी दार इतक्या झटकन उघडलं, की मावशींना अख्खा धडा कळला. तेव्हापासून त्या रोज ती घंटी वाजवून येतात. देखभाल म्हणून.

म्हणजे वाचन सुधारलं होतं. प्रश्न लिहिण्याचा होता. लिफ्टशेजारच्या फळ्यावर मावशींच्या सूचना लागत: 'पाणी बंद राहील. नोंद घ्यावी.' नोंद कोणीही घेत नसे. मागच्या वेळी टाकी धुतली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आमचे अध्यक्ष, डोक्यावर फेस आणि कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल अशा अवस्थेत जिन्यात आले होते. दिवसभर इतरांना 'आ करा' म्हणणारा माणूस स्वतःच आ वासून उभा होता.

"सूचना लावली होती, साहेब."

"वाचली कोणी? पुढच्या वेळी एक जरी माणूस बिनपाण्याचा राहिला, तर इमारत एजन्सीकडे देऊन टाकू!"

एजन्सी आली म्हणजे मावशींची नोकरी गेली आणि तळमजल्यावरची खोलीही. आणि आता टाकी पुन्हा धुवायची वेळ आली होती. मावशी कागद घेऊन बसल्या. बाईंनी शिकवलं होतं: सुरुवात अशी करा की माणूस जागचा हलणार नाही, आणि शेवट वाचकावर सोडा. सकाळी फळ्यावर लागलं:

'साबण डोक्यावर होता. पाणी टाकीत नव्हतं. एक गृहस्थ डोळे मिटून नळ चाचपत होते. त्यांचा लाल पट्ट्यांचा टॉवेल दांडीवर निमूट लटकत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. असं पुन्हा घडणार आहे. कधी?'

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मिटलं, रिकामीच वर गेली. फळ्यासमोरून कोणी हललं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सूचना मोठ्याने वाचली, मागच्यांसाठी पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा आवाज बदलून वाचली. नळाचा उसासा तर त्यांनी असा काढला, की दोघांना ठसका लागला. तेवढ्यात अध्यक्ष आले. हशा एकदम घशात अडकला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"हे गृहस्थ कोण?"

"काल्पनिक आहेत, साहेब," मावशी म्हणाल्या.

अध्यक्ष चष्मा खिशात टाकून जिन्याने वर गेले. मावशींच्या यजमानांनी मात्र फळा वाचून कपाळावर हात मारला.

"अगं, टाकी कधी धुणार ते लिहिलंयस कुठे?"

"लिहिलंय की. कधी?"

"तारीख गं, तारीख!"

"तारीख सांगून टाकली तर शेवट वाचकावर कसा सोडणार?" हे बोलता बोलताच मावशींचा चेहरा पांढरा पडला. टाकी उद्या सकाळी धुवायची होती.

त्या पेन शोधायला खोलीकडे वळल्या, तर दारात रांग. "मावशी, कधी?" "अहो, सांगा ना, कधी?" "आमची ही म्हणते, विचारल्याशिवाय घरी येऊ नका!" इतकी वर्षं ज्यांना सूचना दिसत नव्हती, ते उत्तर मागायला घरून चालत आले होते. चौथ्या मजल्यावरचे आजोबासुद्धा उतरले. संध्याकाळपर्यंत इमारतीत बादल्यांचा नुसता खणखणाट.

सकाळी टाकी धुणारे वर गेल्यावर मावशींना आठवलं: सगळे येऊन गेले, अध्यक्ष सोडून. किल्ल्या खुळखुळवत त्या तिसऱ्या मजल्यावर धावल्या. दार उघडलं. अध्यक्ष, डोक्यावर फेस, कमरेला तोच टॉवेल.

"साहेब, पाणी..."

अध्यक्षांनी बाजूला होऊन आत बोट दाखवलं. बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत बादल्या, पातेली, डबे, एक फुलदाणी, सगळं काठोकाठ.

"तारीख नव्हती. विचारायला येणार होतो, पण सगळे हसले असते. मग कालपासून भरतोच आहे."

"आणि एजन्सी, साहेब?"

"एजन्सीने तारीख लिहिली असती. मग मी भरलं असतं का?" ते दार लावता लावता थांबले. "एक दुरुस्ती करा मात्र. पट्टे निळे आहेत."

मावशींनी टॉवेलकडे नीट पाहिलं. "ते गृहस्थ वेगळे, साहेब," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक मजला चढल्या. घंटी वाजवायची राहिली होती.