लग्नातली शेवटची ओळ

आमच्या यांच्या, म्हणजे चर्चमधले धाकटे पाद्री, डीकन पोर्फिरींच्या आवाजावर सारं रिबिन्स्क गाव जीव टाकायचं. मग धाकटा दीर निकांद्र पीटर्सबर्गच्या ऑपेरात गेला आणि घरातली शांतताच गेली.

दोघे भाऊ चर्चच्या एकाच गायकवृंदात वाढले. यांचा आवाज मोठा, निकांद्रचा गोड. पुढे गावोगाव फिरणाऱ्या एका ऑपेरा मंडळीबरोबर तो पळाला. आधी पहारेकऱ्यांच्या, मग म्हाताऱ्यांच्या भूमिका, असं गात गात शेवटी सरकारी थिएटरात थेट झार झाला. पेपरात त्याचं नाव आलं की धान्याचे व्यापारी सव्वाती तिखोनोविच तो पेपर मुद्दाम आमच्याकडे पाठवायचे. हे तो पेपर दोनदा वाचायचे आणि चुलीत घालायला लावायचे.

"नाटक्या मेला!" हे म्हणायचे. "पुठ्ठ्याचा मुकुट घालून म्हणे झार!"

पण डीकनाने थिएटरची पायरी चढली तर अंगावरचा झगा उतरवून घेतात, पदच जातं. त्यामुळे धाकटा खरंच आपल्यापेक्षा चांगला गातो का, हे यांना कळायची सोय नव्हती. त्यानेच हे आतून जळायचे. मीही काही कमी जळत नव्हते, जावेच्या कोटाला बीव्हरच्या उंची फरची कॉलर होती.

सव्वातींच्या मुलीच्या लग्नाला निकांद्र आला. आमच्याकडे लग्नात डीकन बायबलातला प्रेषिताचा पाठ वाचतो. अगदी खालून सुरुवात करायची, ओळीओळीला चढायचं आणि 'बायकोने नवऱ्याचा धाक धरावा' ही शेवटची ओळ अशी फोडायची की खिडक्या हादरल्या पाहिजेत. व्यापारी लोक त्या ओळीसाठीच तर जमतात.

"डीकनबाबा, या वेळी धाकट्याला वाचू द्या की!" सव्वाती म्हणाले.

"मी जिवंत आहे अजून."

"दादा, तूच वाच," निकांद्र म्हणाला. "मी आपला वृंदात उभा राहतो." यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लग्नाच्या दिवशी हे लोकांकडे पाठ करून उभे राहिले आणि पहिल्याच ओळीला चुकले. भावाला दाखवायच्या नादात तळ सोडून मधूनच, चढ्या आवाजात सुरुवात केली. आता वर जायला जागा कुठे उरणार? मी बाजूला उभी होते, मला चेहरा दिसत होता. शेवटची ओळ आली. तोंड उघडं, मानेच्या शिरा टरारलेल्या, आवाज मात्र नाही.

ओळ तरीही घुमली. खिडक्या हादरल्या, नवरी दचकली. सूर यांचाच, गुरगुरणंही यांचंच. पण इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला फसवता येतं होय? वृंदात निकांद्र नुकतंच तोंड मिटून, मान खाली घालून उभा होता.

जेवणावळीत सव्वातींनी यांना मिठी मारली. "जिंकलात! काय रे निकांद्र, आहे का असा आवाज तुझ्या थिएटरात?"

"नाही," निकांद्र म्हणाला आणि माशाच्या रश्शात भाकरी बुडवत राहिला.

परतताना बर्फावरच्या घसरगाडीत मी म्हटलं, "भावाशी एक शब्द तरी बोलायचा होतात."

"काय बोलू?" यांचा घसा अजून बसलेला होता. "माझाच आवाज आहे ग तो, ग्लाफिरा. आणि त्याच्या गळ्यात जास्त शोभतो."

हे तोंड फिरवून रडत होते.