पिकअपच्या फाळक्यावरचे अकरा शब्द

दौंड ते शिरूर, पिकअपच्या फाळक्यावर वळीनं इंग्रजी लिवून घेणारा मी पयला माणूस. काय लिवलंय ते मात्र मला वाचता येत नव्हतं.

झालं असं. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी गाय विकली व्हती. फी भरायला तीन महिने अवकाश. वरवंडला माझा दोस्त, मोबाईलचं दुकान त्याचं. वीस वर्सं एका ताटात जेवलेलो. त्यो म्हणला, "पैसा मोबाईलवरच्या कॉइनमधी टाक, वाढंल. त्याला बँक न्हाई, नाव न्हाई, गाव न्हाई. कुणाचा हाय ते कुणाच्या बापाला कळत न्हाई."

भावकीला कळत न्हाई म्हणल्यावर मी खूश.

त्यानं माझ्या मोबाईलमधी सगळं करून दिलं आन् चिठ्ठीवर बारा इंग्रजी शब्द लिवून दिले. "ही किल्ली. ज्याच्याकडं बारा शब्द, त्याचा पैसा. जपून ठेव."

आमच्या घरात चिठ्ठी म्हंजी उंदराचा नाष्टा. मी डोकं चालवलं. गुळाच्या ढेपा वाहायच्या पिकअपवर, जिथं लोक आईचा आशीर्वाद लिवत्यात, तिथं पेंटरकडनं शब्द रंगवून घेतले; कशाचे ते त्याला सांगितलं न्हाई. हॉर्स, अंब्रेला, सॉल्ट... आन् रंग वला असतानाच दोस्ताला दाखवायला नेले. त्यानं कपाळाला हात लावला. "आरं येड्या, निदान शेवटचा तरी पूस! त्यो तुझ्या-माझ्यात ठेव."

तिथंच थिनरनं पुसला. त्यानंच वाचून सांगितलं, 'लेमन' व्हता. पाठ करायला सोपा. बाकीचे अकरा ढाब्यावरची पोरं वाचून हसायची. मला वाटायचं, मान देत्यात.

दुसऱ्या महिन्यात दोस्तानंच मोबाईल उघडून दाखवला. शून्य. माझ्याआधी त्यालाच रडू आलं. त्यानंच मोटरसायकलीवर बसवून मला दौंडला पोलिसात नेलं, बाकड्यावर बसून तक्रारीचा अर्ज लिवला. मी अंगठा उठवला आन् वर म्हणलो, "लेका, अक्षर काय मोत्यावानी हाय तुझं!" त्यो चहा सांगायला बाहेर गेला.

हवालदारानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. "हे बघा मामा, तुमचे पैसे. हितनं निघाले, हितं जाऊन बसले. आख्ख्या दुनियेला दिसत्यात. कुणाकडं गेले, त्याचं नाव तेवढं दिसत न्हाई."

माझी गाय डोळ्यांदेखत परक्या दावणीला बांधलेली, आन् दावण कुणाची ते कुणीच सांगंना.

"शब्द कुणाकुणाला ठावं व्हते?"

"अकरा, सगळ्या हायवेला."

"आन् बारावा?"

"मला आन्..." मी दाराकडं बघितलं. "न्हाई साहेब, त्यो तसला न्हाई. अर्ज तर त्यानंच लिवलाय."

हवालदारानं अर्ज उचलला आन् मोठ्यानं वाचला. "माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सर्व बारा शब्द गाडीवर लिहून मी लोकांना दाखवले. माझा कोणावरही संशय नाही."

खाली माझा अंगठा. निळाशार.

चहा आला. दोस्त आला न्हाई. मी दारात जाऊन बघितलं, त्याची मोटरसायकल बी नव्हती. फी गेली हे पोरीला मी कसंबी सांगीन. पर कुणी नेली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? त्याला काका म्हणती ती.

मी परत येऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "लय हुशार निघाला, साहेब."

हवालदारानं अर्ज फाईलला लावला.

"हुशार कसला, मामा. तुम्हीच सोपे हाय."