आप्पांच्या मोटारीची राख

कमलमावशी आज पहाटे गेली. भेटायला येणाऱ्यांनी तिच्या बापाचे गोडवे गाऊ नयेत, मी ऐकून घेणार नाही.

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा, आप्पा. निजामाच्या राज्यात तेर-उस्मानाबाद मोटारीवर ड्रायव्हर.

महायुद्धामुळं पेट्रोल मिळेना. मग गाडीच्या मागं लोखंडी टाकी बसवली. तिच्यात लाकडी कोळसा जाळायचा, त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं.

तेरला गाडी थांबली की आप्पा टाकीतली राख रस्त्याकडेला ओढायचे. बायका ती भांडी घासायला न्यायच्या. मऊ राख, लगेच गार व्हायची.
आमच्या घरी ते काम मावशीचं. दहा वर्षांची पोर.

एकदा लाकडी कोळसा संपला. मालकानं स्वस्तातला दगडी कोळसा भरला, त्यात निम्मी मातीच.
ती माती टाकीत वितळली आणि तिचे काचेसारखे गोळे झाले. गाडी वाटेत सारखी बंद पडत होती.
तेरला आल्यावर आप्पांनी सळईनं ते गोळे फोडून बाहेर ओढले. वरून नेहमीसारखीच करडी राख. आत नुसती आग.

हॉटेलात चहा पिताना आप्पांनी सगळ्यांना बजावलं, "आज राखेला हात लावू नका रे. लई तापल्याली हाय."

पोरीला सांगायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मावशीनं डबा टेकवला आणि उजवा हात राखेत घातला.

बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. त्यावर आप्पा काय म्हणाले?
"डोळे फुटले व्हते का तुझे?"

पुढं तिला बघायला पाहुणे आले. म्हणाले, पोरीला भाकरी थापू द्या. भाकरी बघून हसले, आणि जाताना धाकटीला पसंत करून गेले.
धाकटी म्हणजे माझी आई.

मावशी माहेरीच राहिली. म्हातारपणी आप्पांना लकवा झाला तेव्हा भरवायला तीच.
एका दुपारी माझ्यासमोर त्यांनी तोंड फिरवलं.

"बापाला डाव्या हातानं चारतीस व्हय? लाज न्हाय वाटत?"

"उजवा तुमीच खाल्ला, आप्पा."

मग तिनं ताट स्वतःकडं ओढलं आणि त्यांच्यासमोर बसून जेवली. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. आप्पा बघत राहिले. मीही मधे पडले नाही.

तिला इतकं शांतपणे जेवताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मावशी, पाया पडते. सुखानं जा.