अर्धं राहिलेलं वाक्य

आमचे वाटाडे पूर्वी डिचोलीच्या बंद खाणीवर टिपर चालवायचे. आता त्याच खाणीत साठलेल्या तळ्यावर थंडीत आम्हा पक्षी बघणाऱ्यांना घेऊन जातात. दुर्बीण वापरत नाहीत. पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन उंडे, म्हणजे इथले गोल पाव. बोलता बोलता पक्षी ओरडला की वाक्य तिथेच सोडतात आणि पाव तासाने, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात, पुरं करतात. विसरत मात्र कधीच नाहीत.

त्या रविवारी लव्हाळ्यात निळ्या गळ्याचा पाहुणा पक्षी निघाला. बाकी चौघांना दिसला. मला फक्त हललेलं लव्हाळं दिसलं. सगळे वहीत लिहू लागले, तसं मीही लिहिलं. माझ्या यादीतला दोनशेवा पक्षी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुमी तो..." इतक्यात खंड्या ओरडला आणि ते तिकडे वळले. ते वाक्य घरी येईपर्यंत पुरं झालं नाही.

मी वाणसामानाचीसुद्धा यादी चोख ठेवते. आठवडाभर पक्ष्यांची वही उघडायचं मात्र टाळलं. शनिवारी मीच त्यांना फोन केला, "उद्या मी एकटीच येते."

तळ्याकाठी तासभर ते लव्हाळ्यावर नजर ठेवून बसले. शेवटी मीच म्हणाले, "मला तो दिसलाच नव्हता."

"हां." त्यांनी उंडा मोडून अर्धा माझ्या हातात दिला. "मग बसा आतां. ऊन पडल्यार तो भायर येता."