आडत बाजारातला रॉक शो

आमच्या भागात बँड म्हटलं की लोकांना आधी नवरदेव दिसतो. मी नांदेडात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी रॉक बँडमध्ये गातो, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "घोडीचे पैसे वेगळे का?" सुरुवातीला मी चिडायचो. आमच्याकडे ना पिपाणी ना झांजा, आम्ही गिटार वाजवतो, गाणी आमची स्वतःची असतात, असं घसा कोरडा होईस्तोवर समजावून सांगायचो. आता सरळ सांगतो, "घोडी तुमची तुम्ही बघा."

आम्ही तिघं आहोत. ड्रम वाजवणारा भोकरला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असतो. बेस गिटार वाजवणारी उमरीला नर्स आहे. गिटार आणि गळा माझा. कापसाचा हंगाम नसला की जिनिंगचं गोदाम रिकामं पडतं, तिथं आमचा सराव चालतो. ते गोदाम म्हणजे एक अजब जागा आहे. पत्र्याखाली ड्रम वाजला की आवाज चारी भिंतींवर आपटून परत अंगावर येतो, आणि कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेला जुना कापूस हवेत उडायला लागतो. गाताना तोंड उघडलं की एखादा पुंजका आत गेलाच म्हणून समजा.

तुमची सगळी गाणी कामधंद्यावरचीच का, असं लोक विचारतात. त्यात काही मोठा विचार नव्हता. प्रेमाची दोन गाणी आम्ही करून पाहिली होती, पण ती गाताना आम्हालाच हसू फुटायचं. मग एका रविवारी ड्रमरनं जिनिंगच्या मशीनचा आवाज जसाच्या तसा ड्रमवर काढला. खडखडखड, मध्येच एक घुसमट, पुन्हा खडखडखड. त्यावर मी ओरडलो, "नाकात कापूस, कानात कापूस, घरी गेलो तर भाकरीत कापूस!" आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यानंतर नर्सनं वॉर्डातल्या रात्रपाळीचं गाणं लिहिलं, मी पाण्याच्या जळालेल्या मोटारीचं लिहिलं. हिमायतनगरला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कापसाचं गाणं वाजवलं, तेव्हा ज्यांच्या आया जिनिंगला जातात त्या पोरी खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. "भाकरीत कापूस" एवढं त्या पोरींनीच गायलं, आम्हाला गाऊच दिलं नाही. त्या दिवशी भोकरपर्यंत आम्ही टेम्पोत मागं उभं राहून आलो, कारण बसवतच नव्हतं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात प्रिय गाणं होतं ते हमालाचं. माझे वडील, म्हणजे आबा, लातूरच्या आडत बाजारात हमाल आहेत.

मी तिथंच वाढलो. शाळा सुटली की दप्तर घेऊन बाजारात जायचं, पोत्यांच्या थप्पीवर बसायचं आणि आबांची टोळी ट्रक भरताना बघायची. आबांनी पोती वाहिलीच, पण त्यांचं खरं नाव झालं ते मोजणीमुळं. ट्रकाला फळी लावलेली असते, हमाल एकामागून एक पोतं घेऊन चढतात आणि खाली एकजण उभा राहून प्रत्येक पोत्याला आकडा पुकारतो. पहिल्या पोत्याला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं ते चालतं. आबांचा आवाज एवढा खणखणीत की पलीकडच्या गल्लीतल्या आडतीवर लोकांना कळायचं, ह्यांचा ट्रक कुठवर आलाय.

त्या मोजणीचा एक कडक नियम आहे. ती मध्येच तुटू द्यायची नाही. आकडा चुकला तर भरलेला ट्रक रिकामा करून परत लाभापासून सुरू करावं लागतं, आणि तो सगळा भार टोळीच्याच खांद्यावर येतो. म्हणून पुकारणाऱ्याला ठसका लागला तरी शेजारी जो कुणी असेल तो पुढचा आकडा उचलतो. चहा पिणारा उचलतो, बिडी ओढणारा उचलतो, दुसऱ्या टोळीतला भांडखोर माणूससुद्धा उचलतो. विचार करून कुणी उचलत नाही. ती सवय अंगातच भिनलेली असते.

माझ्या गाण्यात ही मोजणी होती, वीसपर्यंत, आणि मध्ये दोन कडवी. चाल मी संथ ठेवली होती, जड, उदास. दुसऱ्या कडव्यात ओळ होती, "पाठ मोडली तरी पोतं थांबत न्हाई." नांदेडात हे गाणं म्हटलं की लोक गप्प व्हायचे, काहीजणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, व्वा, काय गाणं झालंय!

एकदा घरी लातूरला गेलो, तेव्हा आबांना ते मी माझ्या फोनवर लावून ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोनाची पाठ मोडली?"

मी म्हणालो, "आबा, गाण्यात असं म्हणतात."

"काल बी दोन ट्रक भरलेत मी. लोकांपुढं जाऊन माझी कीव कराया सांगतोस व्हय?"

मला राग आला. मी म्हणालो, मी तुमच्या कष्टाबद्दलच गातोय. त्यावर त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि बाजाराकडे निघून गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाजारातल्या हमालांच्या गणपतीला दरवर्षी एक ऑर्केस्ट्रा असतो, आणि त्या वर्षी ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली. मंडळाच्या अध्यक्षानं हिमायतनगरचा आमचा व्हिडिओ कुठंतरी बघितला होता. हा अध्यक्षही आबांच्याच टोळीतला. त्याचा फोन आला, "या की राव! आपल्याच माणसाचं पोरगं हाय म्हनल्यावर बाहेरचं कशाला बोलवायचं? अन् ते हमालाचं गाणं तेवढं पायजेच बरं का."

मी आधी आनंदानं दुकानातच नाचलो. मग आबा आठवले आणि पाय थांबले. मी लातूरला फोन केला, विचारलं, वाजवू का नको.

आबा म्हणाले, "वाजव. मी कोन अडवनार? पन टोळी मला काय म्हनंल, ते ऐकाया तू नसशील. मी रोज तिथंच असनार हाय."

ते वाक्य नांदेड ते लातूर गाडीत माझ्या शेजारी बसून आलं. गाणं वगळावं तर बोलावणारा नाराज, गावं तर आबांची मान त्यांच्याच माणसांत खाली. त्या एका ओळीऐवजी दुसरी ओळ सुचते का, हे मी सगळ्या वाटेत शोधत होतो आणि काही म्हणता काही सुचत नव्हतं. नर्स म्हणाली, "तू इतका पांढरा पडलायस की तुलाच सलाईन लावावं लागेल."

बाजारात पोचलो तर फ्लेक्स लागलेला, 'नांदेडचा सुप्रसिद्ध बँड'. आणि फ्लेक्सवर चित्र कशाचं? लाल कोट घातलेल्या ट्रम्पेटवाल्याचं! लिलाव होतो त्या ओट्यावर आमची सोय केली होती. समोर पटांगणात हमाल, मापाडी, तूर निवडणाऱ्या बायका, ट्रकचे ड्रायव्हर, काही आडतेसुद्धा खुर्च्या टाकून बसलेले. दिवस मावळतीला आला होता. सगळ्यांची नजर आमच्यावर कमी आणि नर्सच्या गिटारवर जास्त. एक आजी मोठ्यानं म्हणाली, "त्या पोरीच्या हातात ती वीणा हाय का गं?"

आबा दिसेनात. मग दिसले. पार मागं, वजनकाट्याजवळ, आमच्याकडे पाठ करून रिकामा बारदाना घडी करत बसले होते. सणाच्या दिवशी पोत्यांच्या घड्या! मला त्यांचा सदराच तेवढा दिसत होता.

आम्ही कापसाच्या गाण्यानं सुरुवात केली. पहिल्या ठोक्याला पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि पुढची पोरं उभी राहिली. "भाकरीत कापूस"ला तूर निवडणाऱ्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक म्हणाली, "आमच्या भाकरीत तुरीचं भुसकाट, ते बी घाला की!" मी तिथंच घातलं. केवढा दंगा झाला! घाम, धूळ, शिट्ट्या, स्पीकरची घरघर, आणि मधोमध आम्ही तिघं वेड्यासारखे वाजवतोय. मोटारीचं गाणं, वॉर्डाचं गाणं, सगळं उचललं गेलं. मी सगळी काळजी विसरलो होतो. तेवढ्यात अध्यक्ष ओरडला, "आता हमालाचं होऊ द्या!"

ड्रमरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं काड्या एकमेकींवर आपटल्या आणि पुकारलं, "लाभ! दोन! तीन! चार!"

पटांगणात एकदम सगळे सावरून बसले, एवढं मला कळलं. पहिलं कडवं गेलं. मग मोजणी सुरू झाली, माझ्या त्या संथ, उदास चालीत. दहा. अकरा. बारा. आबा अजून पाठमोरेच. मोजणी संपली की दुसरं कडवं येणार, आणि त्यात ती ओळ. तेरा, मी म्हणालो, आणि लाईट गेली.

स्पीकर मेले. दोन्ही गिटारी मुक्या झाल्या. माझा आवाज माझ्यापुरता उरला, म्हणून मी तोंड मिटलं. ड्रमरचा ठोका तेवढा चालू होता, कारण ड्रमला वीज लागत नाही.

आणि पटांगणातून आवाज आला, "चौदा!"

कुण्या एकाचा नव्हता तो. पन्नास-साठ जणांनी एकदम आकडा उचलला होता. "पंधरा!" आता दुसऱ्या बाजूनं. "सोळा!" पण प्रत्येकाची गती वेगळी. इकडचे सोळावर, तिकडचे अठरावर पोचलेले. कुणी पुढं पळतंय, कुणी मागं रेंगाळतंय, मोजणीचा नुसता चिवडा झाला. आकडा तुटणार असं वाटलं.

तेव्हा वजनकाट्याकडून तो आवाज आला. "एकोनीऽस!"

लहानपणापासून ओळखीचा आवाज, पण मी असा दचकलो की गिटार खांद्यावरून घसरली. आबा उभे राहिले होते. हातातला बारदाना त्यांनी फेकून दिला आणि आमच्या दिशेनं चालत येत पुकारायला लागले. "वीस! एकवीस! बावीस!" पटांगण त्यांच्या मागं झालं. सगळ्यांचा एकच सूर, एकच आकडा. आणि गती? माझ्या चालीच्या दुप्पट! ट्रक उभा आहे, ड्रायव्हर घाई करतोय, टोळी पळतेय, अशी ती गती होती. ड्रमर हडबडला, मग हसला आणि आबांच्या मागं लागला. मी आयुष्यभर तो आवाज ऐकला होता आणि त्याचं रडगाणं करून ठेवलं होतं. अरे, तो आवाज तर नाचवणारा होता!

चाळीसच्या आसपास लाईट आली. गिटारी पुन्हा जिवंत झाल्या, त्यासरशी नर्सनं अशी काही बेस धरली की ओट्याची फरशी पायाखाली थरथरली. मी गायचं सोडून दिलं, फक्त वाजवत राहिलो. दुसरं कडवं गायला जागाच उरली नव्हती. आबा ओट्यासमोर येऊन उभे राहिले, एक हात वर, ट्रकाच्या फळीपाशी उभं राहावं तसे. पन्नास. साठ. टोळीतली माणसं रिकामे खांदे पुढं करून, जणू पोतं घेऊनच, गोल फिरायला लागली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. माझी बोटं सोलली, ड्रमरच्या हातातली एक काडी मोडली, त्यानं दुसऱ्या हातानंच वाजवलं. आम्हाला थांबायचं कुठं, हे ठाऊकच नव्हतं. गाणं आता आमच्या हातात नव्हतंच, आणि एवढा आनंद मला गाणं हातात असताना कधी झाला नव्हता.

"अठ्ठ्यान्नव! नव्व्यान्नव!" आबांनी दोन्ही हात वर केले, "शंभर! भरली गाडी!"

टोप्या उडाल्या, उपरणी उडाली. ड्रमर मागच्या मागं फरशीवर आडवाच झाला. मी ओट्यावरून उडी मारून खाली आबांच्या समोर गेलो. ते धापा टाकत होते, मान घामानं चिंब झालेली. माझ्याकडे त्यांनी बघितलं न बघितलंसं केलं.

तेवढ्यात एक परगावचा ड्रायव्हर गर्दीतून पुढं आला. तो कुणालाच ओळखत नव्हता. त्यानं आबांनाच विचारलं, "लई भारी गाणं हाय हो, कोनाचं?"

टोळी भोवतीनं उभी होती, सगळे ऐकत होते. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, सावकाश, दोनदा. मग माझ्या खांद्यावर तो हात ठेवला, जड, खरबरीत, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "माझं हाय. हे पोरगं नुसतं वाजवतंय."