जमुना पटलेचा कोलंबोचा अर्ज

१९५३च्या पावसाळ्यात जमुना पटले नागपूरहून ट्रंक-वळकटीसकट परत आली. इंटर सायन्सला मार्क चांगले होते, पण डॉक्टरकीच्या जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. यादीत तिचं नाव नव्हतं. सालेकशाच्या स्टेशनावर बाप बंडी घेऊन आला होता. नत्थूलाल पटले म्हणजे पोवार समाजातला चांगला धानवाला शेतकरी, पण बोलण्यात भारी कंजूष. ट्रंक बंडीत चढवली, बैलांना जुंपलं, आणि अर्धी वाट सरल्यावर त्याने विचारलं, "आता कसं करतं व बेटी?"

"पुढच्या साली पुन्हा अर्ज करतो, बाबूजी."

"अन् तवपर्यंत?"

"गोंदियाले राहतो. दवाखान्यात."

बापाने बैल हाकले. त्याला ठाऊक होतं, पोरगी कोणत्या दवाखान्याचं म्हणते ते.

गोंदियात जमुनेचा मामा कुंजीलाल राहायचा. हायस्कूलची सगळी वर्षं तिने त्याच्याच घरी काढली होती. पंधराची असताना मामीचं पोट चिरावं लागलं, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात मामीच्या खाटेशी बसायला जमुनाच होती. तिथली मोठी डॉक्टरीण सिलोनची, जाफन्याकडची तमिळ बाई. नाव सेल्वमणी. गोंदियाचे लोक तिला सेल्वाबाई म्हणत. बाईचा हात हलका, निदान नेमकं, पण भाषेचं घोडं अडायचं. गोंदिया शहरातली हिंदी तिला जमायची. खेड्यातून आलेली बाई झाडीबोलीत नाहीतर पोवारीत बोलू लागली की मात्र ती नुसती तोंडाकडे बघत राहायची.

मामीशेजारच्या खाटेवर तेव्हा मुर्री गावची रुख्मा नावाची गरोदर बाई आणली होती. पोट दुखतं, असं सासूने सांगितलं. डॉक्टरबाई काय विचारील त्याचं उत्तर सासूच द्यायची. रुख्मा भिंतीकडे तोंड करून पडलेली. जमुना हे सगळं ऐकत होती. न राहवून ती उठली, सासूला म्हणाली, "आजी, डॉक्टरबाईले गरम पाणी पाह्यजे, चुलीवून आणता का?" म्हातारी गेली तशी ती रुख्माच्या कानाशी वाकली. "बाई, खरं सांग. काय हून राहिलं तुले?"

रुख्मा रडायला लागली. "दोन रोज झाले, लेकरू हालूनच नाई राहिलं. कोणाले सांगू?"

जमुनेने ते हिंदीत डॉक्टरबाईला सांगितलं. तासाभरात रुख्मा टेबलावर होती. लेकरू गेलं, पण रुख्मा वाचली. संध्याकाळी सेल्वाबाई मामीच्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, "लड़की, कल से सुबह का राउंड मेरे साथ।"

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत जमुना तिच्या मागे वही घेऊन फिरायची. कुणाच्या पोटात गोळा फिरून राहिला, कुणाची कंबर धरली, कुणाच्या हातापायाला मुंग्या. ती शब्द लिहून घ्यायची आणि त्यापुढे डॉक्टरबाईने काढलेलं निदान. मोठ्या बाया तिच्याशी आपल्या लेकीशी बोलावं तशा बोलायच्या. एवढीशी पोर असलं काही विचारते म्हणून कुणी रागावली, तर ती खाटेच्या कडेला मुकाट बसून राहायची. थोड्या वेळाने बाई आपणहून बोलायची.

तर १९५३ साली ती पुन्हा त्या दवाखान्यात आली. कुंजीलालमामाला हे पसंत नव्हतं. "पोरगी एकोणिसाव्या वर्षात गेली. बालाघाटाकडचं स्थळ चालून आलं आहे. तुम्ही काऊन गप्प बसून राहिले, भाटोजी?" तो बहिणीच्या नवऱ्याला, नत्थूलालला म्हणाला. नत्थूलालने सुपारी कातरली आणि म्हणाला, "पोरीले विचारा."

पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, "मामाजी, एक साल द्या मले."

सेल्वाबाईने त्या हिवाळ्यात एक लांबट लिफाफा तिच्यापुढे ठेवला. कोलंबोच्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म होता. ती स्वतः तिथेच शिकली होती. बाहेरदेशच्या मुलामुलींचेही अर्ज घेतात म्हणाली, जागा थोड्या, पण विचारायला काय हरकत आहे.

"सिलोन?" जमुना म्हणाली. तिच्या लेखी ते रामायणातलं गाव होतं.

"मैं वहाँ से यहाँ आई," बाई म्हणाली. "रास्ता दोनों तरफ जाता है।"

फॉर्ममध्ये एक पान कोरं होतं. आपल्याला डॉक्टर का व्हायचं, ते आपल्या शब्दांत लिहायचं. जमुनेचं इंग्रजी पुस्तकी. ती आपल्या जुन्या हेडमास्तरांकडे, केशोरावांकडे गेली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि बैठकीत एक पान भरून दिलं. मानवजातीची सेवा, ज्ञानाचा दीप, करुणेचा सागर. जमुनेने ते सुंदर अक्षरात उतरवून सेल्वाबाईला दाखवलं. बाईने वाचलं आणि परत केलं.

"यह किसका है?"

जमुनेने मान खाली घातली.

"जो तुम्हारा है, वह लिखो।"

तीन दिवस ती वहीपुढे बसली. मग तिने रुख्माचं लिहिलं. नाव नाही लिहिलं, पण सासू, भिंत, गरम पाणी, सगळं लिहिलं. आमच्याकडची बाई 'दुखतं' हा शब्द किती परींनी सांगते, त्याचे सतरा शब्द लिहिले, झाडी आणि पोवारीतले, आणि प्रत्येकाचा अर्थ मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शेवटी लिहिलं की हे शब्द मला येतात, औषध येत नाही. सेल्वाबाईने यातली दोन स्पेलिंगं सुधारली, बाकी एक अक्षर बदललं नाही.

पत्र मार्चमध्ये आलं. जागा मिळाली होती. जूनअखेर पासपोर्ट आणि देवीची लस टोचल्याचा दाखला घेऊन हजर राहावं. जमुनेने ते पत्र चार वेळा वाचलं, मग सालेकशाची गाडी धरली आणि बांधीत, धानाच्या खाचरात, उभ्या असलेल्या बापाला वाचून दाखवलं. नत्थूलालने डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं. "तुह्या मायले सांग," म्हणाला आणि पुन्हा पार फुटलेल्या बांधाला माती लावायला वाकला. पण त्याचे हात तेवढ्यात दोनदा त्याच जागी गेले, हे तिने पाहिलं.

अडलं ते पासपोर्टाला. चौकशीला आलेल्या पोलीस जमादाराने कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीचा उतारा काढला आणि एप्रिलात निरोप आला की अर्ज पुढे जाणार नाही. वहीत नत्थूलाल पटलेला एकच मुलगी झालेली होती, १९३२ साली. आणि नऊ दिवसांनी तिचा मृत्यूही नोंदलेला होता.

जमुना निरोपाचा कागद घेऊन आईपुढे उभी राहिली. राजकुमारी मोहफुलं वाळत घालत होती. कागदातलं ऐकून तिचे हात थांबले.

"माय, हे कोण होती?"

राजकुमारीने हातातली फुलं खाली ठेवली. मग म्हणाली, "तुही मोठी बहीण. नाव ठेवाच्या आधीच गेली. तुले कायले सांगू मी? तू जित्ती होतीस, तुह्याकडे पाहू का तिच्याकडे?"

जमुना आईशेजारी बसली आणि दोघी मिळून उरलेली फुलं पसरत राहिल्या. वीस वर्षांत ही गोष्ट घरात कुणी काढली नव्हती. आता सरकारी वहीतून निघाली. जमुनेच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी कोतवाल तापाने अंथरुणावर होता, म्हणून तिची नोंदच झाली नाही. सरकारदरबारी ती जन्मलीच नव्हती.

गोंदियाच्या तहसील कचेरीत साहेबांनी साक्षीदार मागितला. नात्यातला चालणार नाही म्हणाले. नत्थूलालने गावची सुईण आणली. देवकाबाई तेव्हा साठीला आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कचेरीची पायरी चढत होती, पण बुजली नाही. साहेबांच्या टेबलासमोर नीट उभी राहिली आणि पदर खांद्यावर घेतला.

"ही मुलगी तुम्ही जन्माला घातली?" साहेबांनी विचारलं.

"मीनं नाई, तिच्या मायनं घातली. मी धरली."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "कधी?"

"पोळ्याच्या दुसऱ्या रोजी. बाहेर पोरं मारबतचा पुतळा घेऊन चालली होती, इडा-पीडा घेऊन जा म्हणून ओरडून राहिली होती, अन् हे पोरगी आली."

"साल?"

देवकाबाईला सन ठाऊक नव्हता. "साहेब, माहा कवडू त्याच साली झाला. दोन महिने आधी. हिच्या मायले ताप भरला, दूध नाई उतरलं. मंग मीच दोघांले पाजलं, एका आंगावर कवडू, एका आंगावर हे. कवडूचं नाव तुमच्या वहीत असन. कोतवाल तवा बरा होता."

साहेबांनी वही उघडायला सांगितलं. कारकून पानं उलटत गेला. १९३४च्या जुलैत नोंद सापडली. देवकाबाईला मुलगा.

"आणि जी नऊ दिवसांत गेली ती?" साहेबांनी विचारलं.

"थे बी मीनंच धरली होती," देवकाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "थे येगळी. हे येगळी. हे तर उभी आहे ना तुमच्यासमोर."

साहेबांनी जुनं पंचांग मागवलं, पोळा कधी होता ते पाहिलं. शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी सवयीप्रमाणे एक जुलै लिहिली होती. साल तेच होतं, म्हणून शाळेचीच तारीख कायम केली आणि देवकाबाईचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर जमुना तिच्या पायाशी वाकली. देवकाबाईने तिला वरच्या वर धरलं. "सोड व, पाय दुखून राहिले माहे. चाय पाज आधी."

पासपोर्ट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हाती पडला. नत्थूलाल तिला पोचवायला निघाला. नागपूर, मग मद्रास, तिथून बोटीला जोडलेली गाडी. सोबत पोहे, गूळ आणि राजकुमारीने दिलेली लुगडी. मंडपमला सिलोनला जाणाऱ्यांची आरोग्य तपासणी होती. तिथल्या डॉक्टरने देवीच्या लसीचा वण पाहिला, कागद पाहिले, आणि विचारलं की सिलोनला कुणाकडे काम करायला चाललीस. जमुना म्हणाली, "शिकायला." त्याने कागद पुन्हा एकदा वाचले.

धनुष्कोडीच्या धक्क्यावर नत्थूलालने समुद्र पाहिला. पन्नाशीच्या माणसाने तळी पाहिली होती, वैनगंगेचा पूर पाहिला होता. हे मात्र कुठे संपतच नव्हतं. तो धक्क्यावरून पाण्याच्या कडेला उतरला. मग वाकून ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि थुंकला.

"एवढं पाणी," तो म्हणाला, "अन् एका बांधीच्या कामाचं नाई."

जमुना हसता हसता रडली. बोटीची घंटा झाली. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाई जमलं तर परत ये. कोणी काई म्हणणार नाई. अन् जमलं तर कागद लिही."

कागद पहिल्याच महिन्यात आला, पण त्यात जमलं असं काही नव्हतं. वर्गातली मुलं कॉन्व्हेंटमधली, शिकवणारे भराभर इंग्रजी बोलायचे. शरीरशास्त्रात ती पहिल्या परीक्षेला नापास झाली. वसतिगृहात भात होता, पण नारळाच्या दुधातला. पहिले काही महिने तिला वरण-भात स्वप्नात दिसायचा. वॉर्डात तर गंमतच. आता तीच तोंडाकडे बघत राहायची आणि सिंहली, तमिळ बायका बोलत राहायच्या. तिने नवी वही केली आणि वॉर्डातल्या आयांकडून दोन्ही भाषांतला एकेक शब्द शिकत गेली. दुसऱ्या खेपेला शरीरशास्त्र सुटलं. पुढे ती मागे पडली नाही. अठ्ठावनला तिकडे सिंहली-तमिळ दंगली झाल्या तेव्हा बापाने तार केली, परत ये. तिने उलट तार केली, वॉर्ड भरले आहेत, परीक्षेनंतर येते. आणि त्या दिवसांत घरी परतता न आलेल्या तमिळ आणि सिंहली अशा दोन्ही बायांच्या बाळंतपणांना ती उभी राहिली, दोघींच्या भाषेत धीर देत.

१९६०च्या सुरुवातीला ती डॉक्टर होऊन परतली. नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात जागा मिळत होती. तिने सालेकशाकडचा छोटा सरकारी दवाखाना मागून घेतला. कुंजीलालमामा म्हणाला, "एवढं समुद्रापार जाऊन शेवटी इथंच?" ती म्हणाली, "इथं कोणी येऊन नाई राहिलं, मामाजी."

दवाखान्याला जीप नव्हती. जमुना कोलंबोत सायकल शिकली होती. तिने गोंदियाहून एक सायकल आणली, नऊवारी सोडून पाचवारी नेसली, पदर कमरेला खोचला, औषधाची पेटी मागे बांधली आणि बांधाबांधाने गावं फिरू लागली. पहिले आठ दिवस लोक कामं टाकून बांधावर उभे राहायचे. बाई सायकलवर, तीही डॉक्टर, हे त्या मुलखाने कधी पाहिलं नव्हतं. पोरं मागे धावायची. एकदा चिखलात घसरून ती पेटीसकट बांधीत पडली, तेव्हा हसू दाबत दोन बायांनी तिला उचललं, पेटी धुतली आणि पुढच्या गावापर्यंत सायकल ढकलत नेली. मग धानाच्या रोवणीची घाई सुरू झाली. माणसं गुडघाभर चिखलात वाकली, आणि बांधावरून डॉक्टरीण चालली आहे, हे मान वर करून पाहायला कुणाला फुरसत राहिली नाही.