पारवा खिडकीत बसलाच नव्हता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला बिचारा, बायको देवमाणूस आहे असं समजून. मुलीला नाही. चर्चच्या पाळकांना तर नाहीच. प्रार्थनेत देवाला तरी सांगितलं का? खरं सांगू, तिथेही मी गोल गोल बोलते. 'माझ्या उणिवांची क्षमा कर.' उणिवा म्हणे! जसं काही भाजीत मीठ कमी पडलंय.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. वय एकसष्ट, जरीपटक्यात राहते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि पोरांमध्ये माझी ख्याती एकच — ही बाई हसत नाही. मंडळीत मात्र, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, मला मान आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्या बायकांची तयारी मी करून घेते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, ख्रिस्ताच्या आठवणीतल्या भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं, आणि आदल्या दिवशी सकाळपासूनच मला अन्न जात नाही. अकरा वर्षं झाली याला. मुलगी म्हणते, आई, ॲसिडिटी आहे, डॉक्टरला दाखव. काय दाखवू मी डॉक्टरला?

थांबा, असं नाही जमणार. आधी नव्या जन्माचं सांगायला हवं.

आमची श्रद्धा अशी की आईच्या पोटी येणं हा झाला एक जन्म. तेवढ्यानं भागत नाही. माणूस आतून नवा व्हावा लागतो, आणि ते काही आपल्या हातचं काम नाही, देवाचा आत्मा ते करतो. ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून सूट मिळत नाही. लहानपणी मला याची भारी धास्ती वाटायची. झाला हे कळणार कसं? आणि नाहीच झाला तर? आमच्या मंडळीत रीत अशी की बाप्तिस्म्याच्या आधी तिघा वडीलधाऱ्यांसमोर बसून साक्ष द्यायची — नवा जन्म कधी झाला, कुठे झाला, काय झालं. दिवस आणि जागा सांगितलीच पाहिजे असा काही नियम नव्हता. पण सगळे सांगायचे, म्हणून सगळ्यांना सांगावी लागायची.

मी एकोणीस वर्षांची होते. माझ्याबरोबरच्या तिघी आत जाऊन आल्या. एक हुंदके देत बाहेर आली. माझा नंबर आला. आणि माझ्याकडे काय होतं? काही नाही. नियमानं चर्चला जाणारी, पाठांतरात पहिली येणारी एक मुलगी — बस. तिघं वडीलधारे माझ्याकडे बघत होते, त्यांतले एक आमच्या बाबांचे मित्र. आणि मी बोलायला लागले. त्याच वर्षी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बाबांचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, ऑपरेशन चालू असताना मी खिडकीपाशी एकटीच बसले होते. खिडकीत एकाएकी उजेड भरला. कोणीतरी मला नावानं हाक मारली, दोनदा. आणि मी तासभर रडले.

खरं काय होतं माहीत आहे? ऑपरेशन चालू असताना मी खाली टपरीवर तर्री-पोहे खात होते. वर आले तेव्हा आई म्हणाली, झालं गं सगळं नीट.

ते तिघंही गहिवरले. माझा बाप्तिस्मा झाला.

एवढंच असतं तर कदाचित मी विसरूनही गेले असते. पण चांगली साक्ष लोक पुन्हा पुन्हा मागतात. ईस्टरला, तरुणांच्या शिबिरात, बायकांच्या सभेत. सांगता सांगता ती वाढत गेली. एका शिबिरात पोरं पेंगत होती, तर मी खिडकीत एक पारवा आणून बसवला. हाक आली, पारवा उडाला नाही, माझ्याकडे बघत राहिला. पोरं कान टवकारून बसली. तेव्हापासून पारवा कायमचा. मला आता तो दिसतोसुद्धा, राखाडी, मानेवर हिरवी झाक. सांगते ना, मला भीती वाटते माझीच.

आता कमलमावशी.

कमलमावशी आमच्या शाळेत शिपाई होती. घंटा द्यायची, पाणी भरायची, आणि माझ्या वर्गातून मार खाऊन बाहेर आलेल्या पोरांचे डोळे पदरानं पुसायची. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी. नवरा ख्रिस्ती होता, माहेर ख्रिस्ती नव्हतं. लग्नापासून ती त्याच्यासोबत चर्चला यायची, शेवटच्या बाकावर बसायची. नवरा गेला आणि वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा मागितला. तयारी माझ्याकडे आली.

मी विचारलं, मावशी, तुमचा नवा जन्म कधी झाला? काय झालं ते सांगा.

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मले तं काही नाही दिसलं, बाई. हाक बी नाही आली. पण पह्यले जाऊ दिसली का अंगाची आग व्हायची. आता नाही होत. मागच्या महिन्यात ते बिमार होती तं डबा देऊन आली मी. काहून दिला, मलेच नाही समजलं. एवढंच आहे जी."

तुम्हाला काय वाटतं? मला तिथल्या तिथे कळलं होतं, हाच तो नवा जन्म. जे बाप्तिस्म्याच्या तयारीला आलेल्या पोरींना मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून समजावत होते, ते माझ्यासमोर सुती लुगडं नेसून बसलं होतं. आणि मला राग आला! होय, राग. इतकं साधं, इतकं खरं माझ्या तोंडावर बोलायची हिंमत कशी झाली हिची? मी म्हटलं, एवढ्यानं नाही होत, मावशी. अजून प्रार्थना करा, थांबा.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा तेच डब्याचं, जावेचं. मी पुन्हा परत पाठवलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा वडीलधारे समोर होते, मी बाजूला. ती खाली मान घालून एका दमात बोलली, पाठ केलेली कविता म्हणावी तशी. नवरा दवाखान्यात होता. ती खिडकीपाशी एकटीच बसली होती. उजेड आला. दोनदा हाक आली — कमल, कमल. आणि मग ती म्हणाली, खिडकीत पारवा होता.

मी जन्मभर पेपर तपासले आहेत हो. दोन पोरांची एकसारखी चूक निघाली की कॉपी पकडायची, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी काय केलं? सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हटलं. मोठ्यानं.

पुढच्या रविवारी ती बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरली. बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

सोमवारी दुपारी ती माझ्या घरी आली. उन्हातून चालत. पाणी दिलं तर घेतलं नाही, दारातच उभी राहिली. "बाई, तो पारवा तुमचा होता," म्हणाली. "त्यायच्या वार्डात खिडकीच नव्हती. मी खोटं बोलली. तुमी दोनदा वापस पाठवलं, मले वाटलं असंच बोला लागते. आता सांगा, माह्यं पाणी खरं का खोटं?"

एक वाक्य पुरे होतं. मावशी, तो पारवा माझाही नव्हता. बस. झालं असतं. दोघी रडलो असतो कदाचित, मग चहा घेतला असता. जिभेवर आलंही होतं, तुमची शपथ. पण मला दिसायला लागलं — ही पाळकांकडे जाईल, पाळक मला विचारतील, मंडळीत कुजबूज होईल, शिबिरातली पोरं मोठी होऊन आता संसाराला लागलीत, ती काय म्हणतील? आणि मी माझा शाळेतला आवाज काढला. म्हटलं, देवासमोर खोटं बोललात, मावशी. हे कोणाला सांगू नका, मंडळीची बदनामी होते. पण खरा जन्म होईपर्यंत प्रभुभोजनाला हात लावायचा नाही. हाक येईल तेव्हा घ्यायचं.

ती 'हो' म्हणाली आणि गेली.

अकरा वर्षं. दर पहिल्या रविवारी ताट शेवटच्या बाकापर्यंत जायचं, कमलमावशी ते दोन्ही हातांनी धरायची, आणि न घेता पुढे द्यायची. लोकांच्या लक्षात येणारच. बायका बोलायला लागल्या, काहीतरी लपलेलं पाप असणार. नवऱ्याच्या आजारपणाचं काय काय जोडलं. माझ्यासमोर बोलल्या. मी कधी कोणाला गप्प केलं नाही — मी, जिच्या एका नजरेनं साठ पोरांचा वर्ग चिडीचूप व्हायचा! आणि ताट माझ्याकडे आलं की मी घ्यायचे. न चुकता.

मागच्या महिन्यात मावशी न्हाणीत पडली. कंबरेचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. तेव्हापासून नंदनवनला मुलाकडे पडून आहे. पाळक आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात, मला म्हणाले, तुम्ही चला, तुमची जुनी ओळख. नाही म्हणायला काही कारण सुचेना.

ती वाळून एवढीशी झाली आहे. कानांनी कमी ऐकू येतं. पाळकांनी भाकरी पुढे केली तर तिनं मान हलवली. "मले नको, साहेब. बाईले द्या. त्यायचा झाला आहे जन्म." पाळक घुटमळले, माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला. तिच्या खाटेशी बसून, तिच्या वाटणीचा तुकडा मी खाल्ला.

पाळक बाहेर मुलाशी बोलायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. "बाई, मी वाट पाहून राहिली," म्हणाली. "पण आता ऐकू नाही येत जी. हाक येऊन गेली अन् मले नाही समजलं, तं?"

मी तिच्या कानाशी वाकले. काय बोलले असेन? ओरडून म्हटलं, "येईल, मावशी. येईल हाक. धीर धरा."

धीर धरा! जिला कधी हाक आलीच नाही, तिनं हे सांगितलं. आणि ती हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

या मंगळवारी तिच्या मुलाचा, राजूचा फोन आला. यंदा मे महिना कसा तापलाय ते मी सांगायला नको, सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. राजू म्हणाला, "बाई, आई कूलर लावू देऊनच नाही राहिली. म्हणते, आवाजात हाक ऐकू नाही येत. कोनाची हाक, सांगत बी नाही. घामानं गादी ओली होऊन राहिली. डॉक्टर म्हणते, असंच चाललं तं कठीण आहे. तुमचं ऐकते थे. एकदा येऊन सांगा ना तिले."

मी म्हटलं, येते.

आज शुक्रवार. नंदनवन इथून ऑटोनं अर्धा तास. बुधवारी पर्स घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काल चप्पलही घातली नाही. परवा पहिला रविवार आहे, आणि पाळकांनी विचारलंय, उपासनेत तुमची साक्ष ठेवू का. मी नाही म्हटलेलं नाही.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. तिथे तिच्या खोलीत कूलर बंद असेल, दार-खिडक्या लावलेल्या, आणि ती कान देऊन पडली असेल. माझा कूलर चालू आहे. त्याच्यासमोर बसून मी हे तुम्हाला सांगते आहे.